पूजेतला पाना

गाडी सुरू झाली नाही की माणसं बॉनेट उघडून आत बघतात. काय बघतात कोण जाणे. बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या गल्लीत माझी पिकअप बंद पडली की दोन-चार शिकलेसवरलेले गृहस्थ हमखास यायचे, आत वाकायचे, "कार्बोरेटर असेल" म्हणायचे आणि हात मागे बांधून आपापल्या घरी जायचे. सुरुवातीला मीही तशीच नुसती बघत उभी राहायचे. पुढे मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला इंजिन शिकवलं. शिकवलं म्हणजे हातात फडकं दिलं आणि पुसायला लावलं. रोज पुसलं की कुठे काय आहे ते कळतं आणि काय बिघडलंय तेही कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा वाटायचं, सुनेकडून काम काढून घ्यायची ही नवी तऱ्हा आहे.

पिकअप त्यांचीच. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका गॅरेजवाल्याने पुढे जुन्या मिलिटरी जीपचं तोंड आणि मागे फळ्यांचा हौदा असं जुळवून ती उभी केली होती. पेट्रोलवर चालायची, आणि प्यायचीही मनापासून. मामंजी अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले, घराशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी नर्सरी काढली आणि रोपं पोचवायला ही गाडी घेतली. मुलाला वेळ नव्हता म्हणून सुनेला चालवायला शिकवली. आमचे हे आनंदनगरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. सहा दिवस कंपनी आणि रविवारी झोप, असा त्यांचा आठवडा.

खंडेनवमीला मामंजी गाडीची पूजा करायचे. घरातली सगळी हत्यारं आत देवापुढे पाटावर मांडलेली असायची: कोयता, कुदळ, फावडं, झाडं छाटायची कात्री, हातोडी, पाने. गाडी मात्र आत येणार नाही, म्हणून तिची पूजा अंगणात. बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. मग चाकापुढे नारळ फोडायचा आणि त्यातलं पाणी थेट इंजिनाच्या डोक्यावर ओतायचं. "वर्षभर तापतं बिचारं," म्हणायचे, "आज थंड होऊ दे."

मामंजी गेले. नर्सरी आणि गाडी माझ्याकडे आली, पूजा सासूबाईंकडे गेली. त्यांनी ती जशीच्या तशी चालवली. तोच पाट, तीच मांडणी, नारळाच्या पाण्याचा एक थेंबसुद्धा कमी नाही. नवऱ्याची आठवण काढून डोळे पुसत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. ते जे जसं करायचे ते तसं झालं पाहिजे, एवढाच त्यांचा शोक होता. गाडीत मात्र त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत. बाजारात जायचं झालं तरी रिक्षा करायच्या.

नव्वदीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई माझ्याकडे शेणखत घेऊन यायची. त्या पावसाळ्यात मी तिला झेंडूची रोपं दिली. म्हटलं, भाताच्या बांधावर लाव, घरामागच्या उतारावर लाव, फुलं सगळी मी उचलते. तिच्या घरात कुणी फुलांची शेती केलेली नव्हती. तिचा नवरा म्हणाला होता म्हणे, फुलं काय खायची आहेत का? तरी तिने लावली. माझ्या शब्दावर लावली.

आणि मी तो शब्द पुढे आनंदनगरात देऊन आले. खंडेनवमीला कंपन्यांतून यंत्रांची पूजा होते, प्रत्येक मशीनला हार, गेटला तोरण. दरवर्षी फुलं कल्याणहून यायची, अर्धी चुरगळलेली. मी एकेका गेटवर जाऊन सांगितलं की मी ताजी देते, ओवून देते, पूजेच्या आधी दारात आणून देते. काही जण हसले, पण बरेच जण हो म्हणाले. एका ठिकाणी तर साहेबाने मला खुर्ची देऊन चहा पाजला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "जमेल का? नाही, विचारतोय फक्त."

ह्या 'विचारतोय फक्त'चा मला जेवढा संताप येतो तेवढा भांडणाचाही येत नाही.

गाडी त्या सुमाराला थोडी ठसकत होती, चढावर दम लागायचा. प्लग बदलायला झाले होते. प्लग म्हणजे पेट्रोलला ठिणगी देणारी बोटभर वस्तू. आमच्या इंजिनाला असे चार, डोक्यावर सरळ उभे, प्रत्येक आपापल्या खळग्यात बसलेला. कुंड्या आणायला उल्हासनगरला गेले तेव्हा स्पेअर पार्टवाल्या सिंधी भाईकडून मी नवे चार घेऊनही आले.

"असली आहेत ना?" मी विचारलं.

"भाभी, नकली पायजे तर तो पण आहे, स्वस्त देतो. हा असली आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण पुराना निकालताना घाई नाय करायची हां. अंदर तुटला ना, तर इंजिनचा पूरा हेड उतरवायला लागेल. फिर बैठो रोते."

नवे प्लग कपाटात पडून राहिले. "रविवारी बदलतो," असं हे म्हणाले होते. कुठल्या रविवारी ते मात्र म्हणाले नव्हते.

नवमीच्या सकाळी हे नवा शर्ट घालून लवकरच कंपनीत गेले. त्यांच्या खात्यात पूजेची तयारी होती. मी मागच्या पडवीत पाड्यावरच्या बाईबरोबर शेवटची तोरणं ओवत होते. ती आदल्या दिवशीच फुलांच्या पाट्या घेऊन उतरली होती. केशरी आणि पिवळा असा झेंडू, एकेक फूल मुठीत मावेना. आम्ही दोघींनी ओवून ओवून बोटांना भोकं पाडून घेतली होती. हौदा भरला, ओलं फडकं पांघरलं, हात धुतले आणि मी गाडीत बसले. पूजा अकराच्या सुमाराला होणार होती. वेळ मुबलक होता. इतका, की मी केसांत फूलसुद्धा माळलं.

चावी फिरवली. खर्र, खर्र, खर्र. बस.

पुन्हा फिरवली. पुन्हा. पेट्रोलचा वास नाकात गेला. खाली उतरून बॉनेट उघडलं आणि मी बघतच राहिले. सासूबाईंनी पहाटेच पूजा उरकली होती. इंजिन हळदकुंकवाने माखलं होतं, एअर फिल्टरवर झेंडूचं फूल ठेवलेलं. आणि चारही खळग्यांत नारळाचं पिवळं पाणी साचलेलं, त्यावर अक्षता तरंगत होत्या. दरवर्षी ह्या दिवशी गाडी उभीच असायची, म्हणून हे कधी अडलं नव्हतं.

मी ते टिपून घेतलं, वायरी पुसल्या आणि परत चावी मारली. या वेळी धरलं. पण चारातले दोनच चालले असावेत. गाडी सबंध थरथरली, मागून फुलं हलली, आणि दोन मिनिटांत हुं करून गप्प झाली. परत आत वाकले. पाणी गेल्यावर खळग्यांत खाली काय आहे ते दिसलं. गंज चढला होता. गंजावर हळद, हळदीवर कुंकू, त्यावर तेल आणि धूळ, असे वर्षावर्षांचे थर. पाना बसायला प्लगला सहा कोन असतात. ते कुठे सुरू होतात तेच दिसेना.

नाक्यावर धावत गेले. तिथले दोन्ही टेम्पो धुऊन, हार घालून उभे. आज चाक हलवणार नाही, म्हणाले. मेकॅनिकचं शटर अर्धं खाली. आतून उदबत्तीचा वास. "ताई, हत्यारं पूजेत आहेत. उद्या दुपारनंतर या." उद्या दुपारनंतर! उद्या दसऱ्याला कंपन्या बंद आणि बाजारात झेंडूचे ढीग. मी ओवलेले हार घेऊन कुणाच्या गळ्यात घालणार होते? आणि पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने त्या गेटवर उभी राहणार होते?

परत आले तर पाड्यावरची बाई हौद्याच्या फळीला टेकून बसली होती. "वयनी, गाडी नाय चालायची का?"

"चालेल."

"नाय तं आमी डोक्यावर नेतो ना. दोन-तीन फेऱ्या घालू." ती हे खरंच म्हणत होती. शिरगाव ते आनंदनगर, डोक्यावर पाटी घेऊन. मला रडूच आलं असतं, पण मला रडण्याआधी राग येतो. म्हणून मी तशीच घरात गेले.

"आई, प्लगचा पाना द्या."

सासूबाई देवापुढे वात सारखी करत होत्या. पाना पाटावर होता, कोयत्याच्या शेजारी, हळदीची बोटं ओढलेला. त्यांनी मान वळवली. "अगं, पूजा झालीय त्याची. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आज विश्रांती हत्यारांना."

"गाडी बंद आहे."

"मग रिक्षा बघ."

"रिक्षात तोरणं मावतील का?"

"मी काय करू त्याला? हे असते तर त्यांनीही दिला नसता."

तेव्हा माझा तोल सुटला. मी हातातलं पिवळं झालेलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. "आई, पाना पूजेत आहे म्हणून गाडी बंद पडली नाहीये. गाडी पूजेमुळेच बंद पडलीय. इंजिनाच्या डोक्यावर पाणी ओतल्यावर ते चालेल कसं? सगळे प्लग गंजून बसलेत."

त्या उठल्या. फडक्याकडे बघितलं. चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"हे दरवर्षी ओतायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा कशी चालायची?"

खरंच, कशी चालायची? मामंजी काही अडाणी नव्हते, त्यांना इंजिनातलं सगळं कळायचं. मी हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि मला एकदम ते डोळ्यापुढे दिसले. पूजा झाल्यावर, बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून, एकेक खळगा बोटाने पुसणारे. फडकं पिळून पुन्हा पुसणारे. मग एकेक प्लग काढून, घासून, परत लावणारे. मी तिथेच उभी राहून त्यांना कोरडी फडकी देत असायचे.

"ते नंतर पुसायचे, आई. बराच वेळ पुसायचे. प्लग काढून साफ करायचे."

"कधी?"

"नारळ फोडून झाला की. तुम्ही आत जायचात."

"नैवेद्याचं बघायला," सासूबाई म्हणाल्या. "नारळ फुटला की मी आत यायचे. पुरणाचं पातेलं गॅसवर असायचं." मग हळूच म्हणाल्या, "पुसायचे, हे मला कुणी सांगितलंच नाही."

इतकी वर्षं ही बाई नवऱ्याची पूजा हुबेहूब करत होती आणि तिच्या हाती त्या पूजेचा अर्धाच भाग आला होता. दुसरा अर्धा माझ्याकडे होता, आणि मी तो पूजेतला समजतच नव्हते.

सासूबाईंनी हात धुतले, पाटापुढे बसल्या, चिमटीत अक्षता घेतल्या. पान्यावर वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हणाल्या आणि दोन बोटांनी पाना जरासा उजवीकडे सरकवला. गणपती विसर्जनाआधी हलवतात तसा. झाली उत्तरपूजा. पाना उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"जा. आणि लवकर कर."

आधी खळगे साफ. सायकलच्या पंपाने हवा मारून सगळा कचरा उडवला, नाहीतर प्लग निघताच तो आत सिलिंडरमध्ये पडतो. मग चारही प्लगच्या बुडाशी रॉकेल सोडलं आणि मुरू दिलं. ती दहा मिनिटं थांबणं मला जितकं जड गेलं तितकं बाळंतपणही गेलं नव्हतं. सिंधी भाईचं 'घाई नाय करायची' कानात घोळत होतं. अंदर तुटला ना, तर बैठो रोते.

मग पहिला. वायर काढली, एकाच प्लगची. चारही एकदम काढल्या की कुठली कुठे लावायची याचा घोळ होतो. पाना बसवला, जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला, आणि करकर आवाज करत तो फिरला. थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल, असं झुलवत झुलवत वर आणला. टोक काळंकुट्ट. मी तो पाड्यावरच्या बाईच्या हातात ठेवला. तिने वास घेऊन बघितला. "जलला हाय पार," ती म्हणाली.

दुसऱ्यानेही फार छळलं नाही. तिसऱ्याची वरची पांढरी चिनीमाती पाना बसवतानाच कडकन तुटली. पण तुटलं ते वरचं, खालचं लोखंड शाबूत होतं. पाना धरला, दोन्ही हातांनी ओढला आणि आणला बाहेर. आता माझ्या अंगात काहीतरी संचारलं होतं. पदर खोचलेला, केसांतलं फूल कुठे पडलं पत्ता नाही, कोपरापर्यंत काळी. समोरचे कार्बोरेटरवाले काका फाटकाशी येऊन उभे राहिले. "काही मदत?" मी म्हटलं, "नको, बघा तुम्ही." आणि ते खरंच बघत राहिले.

चौथा मात्र खडूस निघाला.

तो सगळ्यात मागे, घराच्या बाजूला. नारळाचं पाणी ओतताना उभं राहायची जागा तीच, म्हणून सगळ्यात जास्त पाणी त्यानेच प्यायलेलं. कोन झिजून गोल झाले होते. पाना बसायचा, मी जोर लावायचे आणि पाना नुसता गरकन फिरायचा. एकदा निसटला तेव्हा माझी बोटं मागच्या पत्र्यावर आपटली. तोंडातून जे गेलं ते काकांनी ऐकलं नसल्याचं दाखवलं. पान्याच्या आत पत्र्याची पट्टी घालून तो ठोकून घट्ट बसवला तर धरेल, असं मला वाटलं. तुपाचा रिकामा डबा होता. पण तो कापायला कात्री हवी, ठोकायला हातोडी.

"आई, कात्री!"

आतून अक्षता, 'पुनरागमनाय च', कात्री बाहेर.

"आई, हातोडी!"

परत अक्षता, परत तेच, हातोडी बाहेर. मी जुन्या लोखंडी पाइपचा तुकडा शोधत असताना पक्कड मागितली, तेव्हा मात्र सासूबाई स्वतःच पाट उचलून ओटीवर घेऊन आल्या. "एकेक काय मागतेस? सगळंच ने! सगळ्यांना आज कामावर पाठवलं."

पट्टी कापली, पान्यात वाकवून बसवली, हातोडीने पाना प्लगवर ठोकला. धरला! पान्याच्या दांड्याला पाइप लावला म्हणजे दांडा लांब होतो आणि जोर वाढतो. पाइपच्या टोकाला मी लोंबकळले. पाड्यावरच्या बाईने तोडेवाले हात माझ्या हातांशेजारी लावले. मडगार्डला पाय लावून आम्ही दोघींनी ओढलं. गाडी एका अंगाला कलली पण प्लग काही हलेना. पुन्हा रॉकेल. हातोडीने वरून टकटक. पुन्हा ओढलं. जिथे होता तिथेच. हौद्यावरचं ओलं फडकं वाळायला लागलं होतं आणि त्याखालची फुलं कडेने मऊ पडायला लागली होती. काका घड्याळ बघून म्हणाले, "साडेनऊ होऊन गेले हो." हेही 'विचारतोय फक्त'वाल्यांपैकीच!

सासूबाई ओटीवरून उतरल्या. इंजिनाशी आल्या, त्या खळग्यात वाकून बघितलं. "गाडीची उत्तरपूजा कुठे केलीय अजून?" त्या म्हणाल्या. "ती पूजेतच बसलीय." आणि हातातल्या वाटीतल्या अक्षता त्यांनी इंजिनावर वाहिल्या, त्या चौथ्या प्लगवर वाहिल्या. मंत्र म्हटला. मग पदर खोचला आणि आमच्या दोघींच्या हातांवर आपले हात ठेवले.

"ओढा," म्हणाल्या.

कट्ट असा आवाज झाला. एवढा मोठा की मी डोळे मिटून घेतले. तुटला. आता हेड उतरवा, आता बैठो रोते. मग डोळे उघडले आणि बघितलं तर पाइप सरकला होता, पाना सरकला होता, आणि त्याच्याबरोबर प्लग सरकला होता. अख्खा. मी तो इंचाइंचाने झुलवत, रॉकेल पाजत, त्याच्या आईबापाचा उद्धार करत बाहेर काढला. आटे शाबूत. हातात घेतला तेव्हा गंजाचा आणि हळदीचा गड्डा दिसत होता नुसता. पाड्यावरच्या बाईने मोठ्याने 'कुईऽ' अशी आरोळी ठोकली. कार्बोरेटरवाल्या काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

रॉकेलने तो निघाला, पत्र्याने निघाला, तीन बायकांच्या वजनाने निघाला. सासूबाई म्हणायच्या, उत्तरपूजेने. मी वाद घातला नाही. त्यांचा हात पाइपवर होता हे मी बघितलंय, आणि तो हात नुसता टेकवलेला नव्हता.

नवे चार प्लग हाताने फिरवत फिरवत बसले. किती गुणी! पान्याने शेवटचा घट्ट हात दिला, वायरी लावल्या. गाडीत बसले आणि चावी फिरवली. पहिल्याच खेपेला इंजिन असं गरजलं की पलीकडच्या आंब्यावरचे कावळे उडाले. एकसारखं, भरल्या आवाजात, मामंजींच्या वेळी चालायचं तसं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत सुटले. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. आमच्या ह्यांना मी हे नंतर सांगितलंही.

पाड्यावरची बाई मागे फुलांजवळ चढली. मी गिअर टाकणार तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. सासूबाई. घरातल्याच लुगड्यात, हातात हळदकुंकवाची वाटी. वर चढल्या, शेजारी बसल्या, दार ओढून घेतलं. मामंजी चालवायचे तेव्हा त्या ह्याच जागेवर बसायच्या.

"चल," म्हणाल्या. "बघतेस काय."

बदलापूरहून आनंदनगरला जाताना मधल्या चढावर गाडी दम टाकायची. त्या दिवशी तिने चढ चढल्याचं दाखवलंच नाही. पहिल्या गेटवर पोचलो तेव्हा पूजेचा पाट मांडून झाला होता आणि गुरुजी फुलांची वाट बघत होते. दुसऱ्या गेटवर आम्ही उतरलो तोच कामगारांनी हौद्यातून तोरणं हातोहात नेली. मशिनांच्या रांगेत केशरी हार चढत गेले. सगळीकडे वेळेत पोचलो. चहा पाजणारे साहेब म्हणाले, "कल्याणच्या फुलांना असा वास नसतो हो." मी पाड्यावरच्या बाईला पुढे केलं. "ह्यांची आहेत. ह्यांच्या बांधावरची." ती लाजली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. मग तिने साहेबांना विचारलं, "पुढच्या सालाला किती लावू?"

शेवटचं गेट आमच्या ह्यांच्या कंपनीचं. नवा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून हे गेटशीच उभे होते. पिकअप दिसली. मी दिसले, हात काळे, नाकावर ग्रीसचा पट्टा. मग शेजारी आई दिसली आणि ह्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेना.

"आई? तू गाडीत?"

"प्लग बदलले," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही."

"रविवारी मी बदलणारच होतो..."

"हार घे," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी पहाटे आत आले, तर पाट मांडून झाला होता. कोयता, कुदळ, कात्री, हातोडी. प्लगचा पाना मात्र नव्हता. तो बाहेर खिळ्याला टांगलेला होता, माझ्या हाताला येईल असा. पान्याच्या जागी ओळीने चार जुने प्लग ठेवले होते. घासून, राखेने चकचकीत केलेले. तिसऱ्याची तुटकी चिनीमातीसुद्धा जपून शेजारी ठेवलेली. मी ते केव्हाच फेकून दिले असं समजत होते.

सासूबाईंनी नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं, आत आणलं आणि चारही प्लगवर ओतलं, भरपूर, एकही थेंब न राखता. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. पुरण गॅसवर होतं, तरी गेल्या नाहीत. मामंजींचं ते जुनं फडकं मांडीवर घेऊन बसल्या आणि एकेक प्लग उचलून, फडक्यात बोट घालून, कोरडा होईपर्यंत पुसत राहिल्या.